हळदीवरची शाई

खोटी सनद ओळखायला मला भिंग लागत नाही. निजामाच्या नोकरीत, जालन्याच्या कचेरीत, जुने कागद तपासून तपासून डोळे शिणले, पण एवढी एक खूण पक्की झाली. दसऱ्याला घरोघरी सनदेची पूजा होते. म्हणजे खऱ्या सनदेत शाई खाली आणि हळदीकुंकवाचे डाग वर. शाईच डागावरून गेली असेल, तर जुना कागद मिळवून त्यावर कोणीतरी नवा मजकूर लिहिलाय, हे उघड.

धुळाजीच्या सनदेत शाई हळदीवर होती. हा बदनापूरकडचा मेंढपाळ. गावालगतचं कुरण आजोबांना चराईसाठी मिळालं, असं त्याचं म्हणणं. गावच्या देशमुखांना तिथं कापूस पेरायचा होता. सनद खोटी ठरली की कुरणावर नांगर फिरणार आणि धुळाजीची मेंढरं उघड्यावर पडणार.

"कागद बनावट आहे," मी सांगितलं. रोज हेच बोलून त्या वाक्याची चव गेली होती.

धुळाजीची आई जयवंताबाई पुढं आली.

"कागद तोच हाय, साहेब. माझ्या सासऱ्याला मिळाल्ता. दरसाली दसऱ्याला पाटावर मांडायचा, पाणी शिंपडायचं, हळदकुंकू वाह्याचं. शिंपडता शिंपडता अक्षरं धुऊन गेल्ती. मंग ह्यानं लिहिणाऱ्याकडून त्याच्यावरच पुन्हा लिहून घेतलं. सासरे तोंडपाठ सांगायचे, बराबर तेच लिवलं. एक शब्द जास्ती न्हाई."

मी कागद उजेडात धरला. नव्या ओळींच्या मधून जुन्या ओळींच्या फिकट खुणा दिसत होत्या, वाचता मात्र एकही येईना. म्हातारी खरं बोलत होती. पूजेनंच कागद बुडवला होता; करायला गेले गणपती, झाला मारुती. मला तिचा राग आला, आणि तिच्यावर रागावलो म्हणून स्वतःचाही. वरच्या साहेबांना माझ्याकडून एकच शब्द हवा असतो, खरी की बनावट. तिची हकिगत मी खाली चार ओळींत लिहिली. ती कोणी वाचणार नाही हे ठाऊक होतं. वर 'बनावट' लिहिलं.

"कागद तरी द्या माघारी," धुळाजी म्हणाला. "दसरा जवळ आला."

"बनावट कागद इथंच जमा होतो."

जयवंताबाईनं कनवटीची पुडी सोडली, चिमूटभर हळद कागदावर वाहिली आणि त्याला कपाळ टेकवलं.

"मंग औंदा पूजा तुम्हीच करा, साहेब," ती म्हणाली. "फक्त पाणी नका शिंपडू."