बावीस नंबरचा ताप

काँक्रीट घट्ट होताना तापतं. म्हणून धरणाची भिंत ब्लॉक-ब्लॉकने बांधतात, प्रत्येकाच्या पोटातून नळ्यांनी गार पाणी फिरवतात, आणि भिंतीतल्या बोगद्यात बसून एक माणूस रोज सगळ्यांचं तापमान वहीत लिहितो. तो माणूस मी. सगळे ब्लॉक अठरा अंशांवर आले की मधल्या फटी भरायच्या, मग तलाव, मग वीज.

बायको गेली, त्यानंतर पाचव्या दिवशी मी कामावर आलो. सगळे ब्लॉक अठरावर उतरले होते. बावीस नंबर एकोणचाळीसवर होता.

तीन आठवडे तो तिथेच. मुख्य अभियंता साहेबांनी पाणी दुप्पट केलं, बर्फ आणवला, तापमापी बदलली. ब्लॉक ढिम्म. मग समिती बसली. ब्लॉकला ताप आहे, असं तिने तीन सह्यांनिशी लिहून दिलं. कुणी हसलं नाही, कारण उद्घाटनाची पत्रिका छापून झाली होती.

साइटवरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. भिंतीला हात लावून बघितला, खोकला आहे का विचारलं, आणि आराम लिहून दिला. त्या दिवसापासून बावीस नंबरच्या बाजूने ट्रकवाल्यांना हॉर्न बंद.

मग लोक भेटायला यायला लागले. दोघं-दोघं यायचे, हातात टोपी धरून उभे राहायचे. क्रेनवाला म्हणाला की त्याच्या सासऱ्यांचाही ताप असाच लांबला होता. स्टोअरवाल्याने मोसंबी आणली आणि कुठे ठेवायची ते न कळून माझ्याकडे दिली. माझ्या घरी हीच माणसं दारातूनच परत गेली होती. त्यांचा राग नाही. माणसाशी काय बोलावं ते सुचत नाही, भिंतीचं सोपं असतं.

मुलीचा फोन आला. तुम्ही त्याच्या अंगावर गोधडी घातलीत म्हणे, बाबा, असं विचारत होती. मी सांगितलं, काहीतरीच काय, तापात गोधडी कोण घालतं, ओला टॉवेल ठेवलाय.

उद्घाटनाच्या आदल्या सकाळी साहेब स्वतः बोगद्यात आले. खालच्या दोन शहरांचे दिवे अडलेत, कोळशाच्या वीजकेंद्राचा धूर बंद व्हायचा थांबलाय, पाहुणे निघालेत, असं बरंच बोलले. मग वही माझ्यापुढे सरकवली.

"एक अठरा लिहा. तुमचं काय जातंय?"

मी म्हटलं, गरम असताना फटी भरल्या तर गार झाल्यावर तो आकसेल, फटी पुन्हा उघडतील, आणि मागे तलाव असेल. हे त्यांनीच मला शिकवलं होतं. ते म्हणाले, शिकवलेलं सगळं लक्षात ठेवायचं नसतं. पेन माझ्या हातात दिलं.

पेन हातात घेतलं आणि लिहिता येईना. इतक्या वर्षांत वहीत खोटा आकडा लिहिला नव्हता. तोंडाने एकदा सांगितला होता. बायको गेली त्या दुपारी तिने तापात विचारलं, किती आहे. तापमापीत एकोणचाळीस होता, आणि मी सदतीस म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला थापा मारता येत नाहीत. बसा इथेच."

मी म्हटलं, दुपारच्या नोंदी राहिल्यात, तेवढ्या घेऊन येतो. भिंतीचं कुठे अडणार होतं? पण गेलो. सगळे आकडे बरोबर लिहिले. परत आलो तेव्हा शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या.

हे मी साहेबांना सांगितलं. कुणालाच सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. मग वहीत एकोणचाळीस लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी आकडा बघितला. आता हे ओरडणार, मग माझी नोकरी गेली, असं मला वाटलं. त्यांनी भिंतीला हात लावून बघितला.

"मग आता करायचं काय?"

"काही करायचं नाही. बसायचं."

त्यांनी फोन काढला, पाहुण्यांचं येणं रद्द करा म्हणून सांगितलं. तिकडून कारण विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "घरात आजारपण आहे." मग हेल्मेट काढून ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले.

तासाभराने त्यांनी हळूच विचारलं, किती?

मी बघितलं. एकोणचाळीस.

"बरं," ते म्हणाले, आणि स्टूल जरा जवळ ओढलं.