मोरपिशी सत्यबिंदू

सोमवारी सकाळी देवळापुढच्या मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. हातोड्यानं न फुटणारा थेंब बघायला दुबलगुंडीपासून माणसं आली होती. लोहाराची ऐरण मांडवात आणून तिला हळदकुंकू लावलं होतं. ऐरणीवर करंगळीच्या पेराएवढा एक मोरपिशी थेंब होता. त्याला केसासारखी बारीक, लांब शेपटी होती आणि ती तेजोबिंदू महाराजांनी अलगद धरली होती.

कल्लप्पा लोहारानं हातोडा हाणला. थेंब जसाच्या तसा.

"महादेवाच्या नेत्रातून गळलेला हा सत्यबिंदू," महाराज माईकवर म्हणाले. "यात ब्रह्मांडाची व्हायब्रेशनं साठलेली आहेत. अमेरिकेतले शास्त्रज्ञ मागत होते. मी दिला नाही."

अमेरिकेला नाही म्हटल्याचं ऐकून लोकांना फार बरं वाटलं.

तशी आमच्या गावाला काच नवी नाही. दहावीनंतर काच ओतणं, तिची नक्षी आणि तिचं रसायन शिकवणारी शाळा या सगळ्या टापूत फक्त आमच्याकडं आहे. त्यामुळं इतर कशातही फसू, पण काचेत नाही, अशी आमची समजूत. देवस्थान समितीचे अध्यक्ष श्रीपतराव तर भलतेच सावध. त्यांनी शाळेच्या रेवणप्पा सरांना पुढं बोलावलं.

"सर, तुमी बघा. काच तर न्हाई ना ही?"

सरांनी थेंब उजेडात धरला. जरा जास्तच वेळ धरला.

"अशी काच होत न्हाई," ते म्हणाले.

झालं. देवाची सही आधीच होती, आता शास्त्राचाही शिक्का बसला.

मग सत्यपरीक्षा सुरू झाली. ज्याच्यावर संशय त्यानं थेंब मुठीत धरायचा, शेपटी महाराजांच्या बोटांत, कारण व्हायब्रेशन तिथून उतरतं म्हणे. माणूस खोटं बोलला की बिंदू फुटणार. बांध कोरल्याचा संशय असलेला शेतकरी सुटला. शेजाऱ्याची बकरी नेल्याचा संशय असलेलाही सुटला. मग महाराजांनी अंगणवाडीच्या उमादेवीला बोलावलं.

उमादेवीचा गुन्हा वेगळाच होता. बिंदू बुडवलेलं पाणी, म्हणजे महाराजांचं बिंदूतीर्थ, जुलाब लागलेल्या लेकरांना पाजायला तिनं आयांना मनाई केली होती. मीठ-साखरेचं पाणी द्या आणि डॉक्टरकडं चला, म्हणाली होती. अर्थात मांडवात हा विषय निघाला नाही.

"लेकरांची अंडी आणि दूधभुकटी तू घरी नेतेस?"

"न्हाई, महाराज."

फट्. तिच्या मुठीतून पांढरी पूड गळली. तळहातावर रक्ताचे बारीक थेंब उमटले.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत एकही लेकरू आलं नाही. तिला कामावरून काढा, असा अर्ज वर पाठवायचं श्रीपतरावांनी जाहीर केलं. तेही माईकवर.

उमादेवीची लेक शैलश्री काचेच्या शाळेत शिकते. आईचा तळहात धुताना तिनं ती पूड वाटीत धरली. काच कुठल्याही रंगाची असो, भुगा पांढराच दिसतो, हे तिला ठाऊक होतं. तिनं पूड शाळेत नेऊन गॅसच्या ज्योतीवर वितळवली. गोळी निवली तेव्हा मोरपिशी झाली.

तो रंग तिचाच होता. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार भाजून, तिची काळी भुकटी बाटल्यांच्या काचेत मिसळून तिनं तो वर्षभर खटपट करून आणला होता. रेवणप्पा सरांनी सगळ्या वर्गापुढं तिची पाठ थोपटली होती. उरलेली काच त्यांच्याच कपाटात होती.

गोळी घेऊन ती सरांपुढं उभी राहिली.

"सर, हे माझ्या काचेचं हाय."

सरांनी गोळीकडं बघितलं नाही. "कामून त्या नादी लागलीस, बाळ?"

"तुमी बनवून दिलाव काय?"

"शाळेत पोरं किती राहिलीत, बघायलीस न्हवं? बंद करायलेत शाळा. महाराजांची वर ओळख हाय. ते म्हणले, शाळा राखतो. तुझ्या आईचं नाव निघंल हे मला ठाऊक न्हवतं."

"दुसऱ्या कुणाची आई असती तर चाललं असतं, सर?"

सरांनी उरलेल्या काचेचं कपाट लावून घेतलं.

पुढच्या सोमवारी शैलश्री भट्टीवरचा चष्मा लावूनच मांडवात आली. लोक हसले. तिच्या हातातल्या डब्यात कापसावर थेंब होते, तसेच शेपटीवाले, पण साध्या बाटलीच्या काचेचे.

"महाराज, आज मूठ तुमची. शेपटी मी धरते."

"मुली, बिंदूशी खेळू नये. कोप होतो."

"मग मी धरतो की," म्हणत श्रीपतराव पुढं आले. लहान पोरीला भ्यायचं त्यांना शोभत नव्हतं.

तिनं थेंब त्यांच्या मुठीत दिला, शेपटी चिमटीत धरली आणि त्यांना तोंड बाजूला करायला सांगितलं.

"काका, तुमचं नाव श्रीपतराव काय?"

"व्हय की."

फट्.

श्रीपतराव मुठीकडं बघत राहिले. मागून एक म्हातारी म्हणाली, "मग ह्यो कोण म्हणायचा, बाई?" मांडव हसून लोळायचा बाकी राहिला.

शैलश्री मात्र हसली नाही. "वितळलेली काच गार पाण्यात सोडली की वरची साल लगेच घट्ट होतीय," ती म्हणाली. "आतली काच मागून निवतीय, आकसतीय, आणि सालीला आत वढून धरतीय. म्हणून डोक्यावर हातोडा चालत न्हाई. पण बारीक शेपटी नखानं मोडली की तो ताण एकदम सुटतोय आणि सगळ्याचा भुगा होतोय. खरं-खोटं काचेला काय कळतंय? महाराजांच्या नखाला कळतंय."

"हा नकली बिंदू आहे," महाराज ओरडले. "खरा हिला कुठून मिळणार?"

"खरा कुणी केला ते सरांना विचारा."

सगळ्या माना वळल्या. रेवणप्पा सर खांबाला धरून उठले.

"मीच केला," ते म्हणाले. "शाळेच्या भट्टीवर. ह्या पोरीच्या काचेतनं."

आता कुणी हसेना. महाराजांवर चिडायला गाव तयार होतं. ते परके होते, आणि गाडीत बसून गेलेही. पण सरांनी आमच्या पोरांना वाढवलं होतं. त्यांच्यावर कसं चिडायचं, हे कुणी आम्हाला शिकवलं नव्हतं.

श्रीपतराव उमादेवीजवळ गेले. "झालं गेलं, अक्का."

"खोटं माईकवर बोललाव," ती म्हणाली. "खरं बी माईकवरच बोला."

त्यांना बोलावं लागलं. अर्ज वर पाठवणारच नाही, हेही सांगावं लागलं. बुधवारपर्यंत निम्मी लेकरं अंगणवाडीत परतली. निम्मी अजून यायची आहेत. खोटं फट्‌दिशी फुटतं, पण त्याचा भुगा गोळा करायला वेळ लागतो.

म्हणून एवढंच सांगणं. चमत्काराची वस्तू आपल्या हातात मागा. ती देत नसतील, तर का देत नाहीत ते विचारा. आणि जाणकारानं मान डोलावली म्हणून आपली विचारशक्ती त्याच्याकडं गहाण टाकू नका. जाणकारालाही भीती असते, लोभ असतो, कधी चांगला हेतूही असतो. पुरावा मागितल्यानं कुणाच्या देवाचं काही कमी होत नाही.

काच शिकवणारा दुसरा कुणी आसपास नाही, म्हणून शैलश्री लगेच मंगळवारी त्याच वर्गात गेली. भट्टीजवळ तिनं पाण्याची बादली ठेवली.

"थेंब शिकवा, सर. सगळ्यांला. दार उघडं ठेवून."

सरांनी शिकवलं. गावातली माणसं दारातून बघत होती. तास संपल्यावर सर हळूच म्हणाले, "माफ केलीस काय, बाळ?"

"ते आईला विचारा," ती म्हणाली. "मला सांगा, उद्या भट्टी किती अंशावर ठेवायची."