घोड्याचा केस

सायलीच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर पिवळसर गाठी आल्या, तेव्हा आम्हाला त्या चामखिळी वाटल्या. आमच्याकडं चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात, मग ती वाळून गळते. पडेगावात रामकिसनकडं वरातीची घोडी आहे. मी त्याच्याकडून केस आणायची.

"आजी, घोडी टकली व्हईल, पण ह्या गाठी नाय जायच्या," नात हसायची.

परवा शाळेचा जिना चढताना तिच्या छातीत कळ आली. माझा मुलगा राजेंद्र तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला, मीही गेले. डॉक्टरीणबाईंनी गाठी पाहिल्या आणि पहिलंच विचारलं, "आईवडील नात्यातले का?"

"व्हय. मामाचीच पोरगी केली मी," राजेंद्र म्हणाला.

मामा म्हणजे माझा धाकटा भाऊ मोतीराम. लहानपणी आम्ही दोघं दौलताबादच्या रस्त्याला सीताफळं विकायला बसायचो. त्याच्या पापण्यांवर पिवळे डाग होते. आई त्याला हळद लागलेला नवरदेव म्हणायची. ऐन तारुण्यात गुलमंडीत कापड घेता घेता तो छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. त्याची लेक संध्या मी सून करून आणली. वाटलं, भाऊ पुन्हा घरात येईल.

सायलीला बाहेर बसवून बाई सांगू लागल्या. "यकृताच्या पेशींवर रिसेप्टर नावाचं प्रथिन असतं. ते रक्तातलं कोलेस्टेरॉल धरून आत ओढतं. ते घडवणारा एक जीन आईकडून येतो, एक वडिलांकडून. हिला एकाच घराण्यातून दोन्ही बिघडलेलेच मिळाले. धरणारं कुणी नाही, म्हणून ते हृदयाच्या नसांत साचलंय. गाठीही त्याच्याच आहेत."

"मग गोळ्या द्या की," राजेंद्र म्हणाला.

"गोळ्या त्या रिसेप्टरकडूनच काम करून घेतात, दादा. यकृत बदलता आलं असतं. आता तिचं हृदय ते सोसणार नाही."

राजेंद्र माझ्याकडं बघेना.

घरी आल्यावर सायलीनं कोपर पुढं केलं. तसंच कोपर मोतीरामचं, टोकाला जरा वाकडं.

"आज केस नाय आणला व्हय?"

आणला नव्हता. मी माझ्याच डोक्याचा एक पांढरा केस उपटला आणि गाठीभोवती गुंडाळला.

"घट्ट बांध, आजी."

मी ओढला. तो तुटला.