एक पट्टा कमी पडला

मिस्त्री बावीस वर्षं घरोघरी वॉलपेपर लावत होता. त्याने लावलेल्या कागदाचा सांधा नुसत्या डोळ्यांना दिसत नसे, बोटाने चाचपूनच शोधावा लागे. त्यामुळे त्याला काम मागायला कुठे जावं लागलं नाही. एका घरातून दुसऱ्या घरी त्याचं नाव आपोआप पोचायचं.

त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. कारखाना बंद पडला आणि ती घरी बसली. बसली म्हणजे अक्षरशः बसलीच. सकाळची कामं आवरली की खिडकीशी खुर्ची ओढायची आणि हात मांडीवर ठेवून बाहेर बघत राहायची. विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यायची. घरची शिलाई मशीनसुद्धा तिने चादर टाकून झाकून ठेवली होती. मिस्त्रीला बायकोच्या बडबडीची सवय होती. ती बंद झाल्यावर घर त्याला खायला उठलं.

अशात एकदा एका गिऱ्हाइकाने काम झाल्यावर उरलेला हातभर कागद त्याच्या पिशवीत कोंबला. पिवळ्या जमिनीवर बारीक पानं होती. त्याने तो घरी नेऊन टेबलावर टाकला आणि विसरून गेला. दुसऱ्या दिवशी कामावरून आला तर बायको दारातच उभी. तिने त्याला हाताला धरून आत नेलं आणि कपड्यांच्या कपाटाचा खण ओढला. खणाच्या तळाला तो पिवळा कागद कोपऱ्यांसकट असा चपखल बसवला होता की मिस्त्रीला बघत राहावंसं वाटलं.

"कोपरे कसे कापलेस?"

"बाहीला कापते तसे," ती म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी हसली.

त्या हसण्यापायी सगळं झालं, असं तो पुढे स्वतःला सांगत असे. पण ते अर्धंच खरं होतं.

सुरुवातीला तो मागून आणायचा. लोक देऊनही टाकायचे. पण हातभर कागदात किती होणार? बायकोचे बेत वाढत चालले होते. माळ्यावर जायच्या लाकडी जिन्याला सात पायऱ्या होत्या. तिला प्रत्येक पायरीच्या उभ्या फळीवर वेगळी नक्षी हवी होती. काचेच्या कपाटाच्या पाठीला गडद रंगाचा कागद लावला तर पुढच्या साध्या कपबश्याही उठून दिसतील, असं तिचं म्हणणं होतं. ते खरंही होतं. मग मिस्त्रीने मोजमापात हात मारायला सुरुवात केली. भिंतीला आठ गुंडाळ्या लागत असतील तर तो नऊ सांगायचा. "नक्षी मोठी आहे, जुळवताना कागद वाया जातो," हे वाक्य तो गिऱ्हाइकाला आधीच ऐकवून ठेवायचा. ते खोटं नव्हतं, नक्षी जुळवताना कागद जातोच. किती जातो, हे मात्र त्याच्याशिवाय कुणाला ठाऊक नसायचं. उरलेली गुंडाळी शिडीखाली अंथरायच्या कापडात लपेटून घरी यायची. बायकोला तो सांगायचा, गिऱ्हाइकांनी दिली.

दोन वर्षांत घराचं रूप पालटलं. ट्रेमध्ये काचेखाली कागद, दिव्याच्या टोपीला कागद, जुन्या सुटकेसला आतून-बाहेरून कागद. फ्रिजचं पोपडे आलेलं दार तिने निळ्या पट्ट्यांनी झाकलं. एका कागदावरचं थाळीएवढं फूल कापून तिने चौकटीत बसवलं आणि पलंगाच्या डोक्याशी टांगलं. गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, जाताना आपला एखादा डबा नाहीतर स्टूल ठेवून जायच्या. बायको पुन्हा बोलायला लागली होती, इतकी की मिस्त्रीला कधी कधी जेवताना घास गिळायला उसंत मिळत नसे. त्याला ते फार बरं वाटायचं. गुंडाळीचा विचार आला की तो दुसरीकडे बघायचा.

मग बाईंचं काम आलं.

बाई म्हणजे शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. घरी त्या आणि त्यांची धाकटी बहीण अशा दोघीच. धाकटीला पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळून चार वर्षं झाली होती. ती डाव्या कुशीवरच झोपू शकायची, म्हणून दिवसभर तिच्या डोळ्यांसमोर एकच भिंत असायची. त्या भिंतीसाठी बाईंनी बराच शोध घेऊन कागद आणला होता. राखाडी जमीन, निष्पर्ण फांद्या, आणि फांद्यांवर छोटी छोटी पाखरं. प्रत्येकाची बसण्याची तऱ्हा वेगळी. मिस्त्रीने गुंडाळी उलगडली तेव्हाच त्याच्या मनात आलं, हे घरी दाखवलं तर ती वेडी होईल.

बाईंनी दुकानातून मोजून आणलं होतं, वरची गुंडाळी नव्हतीच. मिस्त्रीने शेवटची गुंडाळी शिडीच्या कापडात सरकवली आणि बाहेर येऊन सांगितलं की नक्षी जुळवताना कागद गेला, खिडकीशेजारचा एक पट्टा कमी पडतोय. बाईंनी दुकानात फोन केला. तो कागद यायचा बंद झाला होता. शेवटी मिस्त्रीने तिथे साधा राखाडी कागद लावला.

बाई ओशाळल्या, आपलंच मोजमाप चुकलं म्हणाल्या. अंथरुणावरून धाकटी म्हणाली, "असू दे ताई. पाखरांना थोडं आभाळ नको का?"

मिस्त्री ब्रश धूत होता. त्याने पाणी उगाच दोनदा बदललं.

त्या पाखरांचं बायकोने काय काय केलं ते त्याने नीट पाहिलंही नाही. ती दाखवायची, तो मान डोलवायचा.

पाच-सहा महिन्यांनी एका दुपारी तो लवकर घरी आला. दारात अनोळखी चपला होत्या आणि आतून बायकोचा उत्साहाचा आवाज येत होता. तो आत गेला तर खुर्चीवर बाई बसलेल्या. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की इथे एक बाई जुन्या वस्तूंना कागद लावून नव्या करून देतात. धाकटीच्या पलंगावर ठेवायचा जेवणाचा ट्रे त्या घेऊन आल्या होत्या. मिस्त्रीचं घर म्हणून नव्हे, तर बायकोचं नाव ऐकून.

"अहो, या बाई तुम्हाला ओळखतात म्हणे," बायको म्हणाली. "बघा ना, किती योग!"

मिस्त्री चौकटीला टेकून उभा राहिला.

बायको एकेक वस्तू दाखवत होती. जिना दाखवला, दिवा दाखवला. मग तिने टेबलाचा वरचा खण ओढला. आत राखाडी जमिनीवर पाखरं बसलेली. खालच्या खणातही पाखरं. काचेच्या कपाटाच्या पाठीलाही तीच. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खणावर वाकून त्यांनी एका पाखरावर बोट ठेवलं.

"हा कागद छान आहे," त्या म्हणाल्या. "कुठून मिळाला?"

"यांना गिऱ्हाइकं देतात उरलेला. माझं सगळं त्यावरच चालतं बघा."

"हो का."

बाईंनी मिस्त्रीकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर त्याला सोपं गेलं असतं. शाळेत ज्या मुलाबद्दल आपण चांगलं मत करून घेतलेलं असतं त्याच्याकडे बघावं, तसं त्या बघत होत्या. धरणीने पोटात घ्यावं असं म्हणतात, ते मिस्त्रीला त्या दुपारी कळलं.

"यातला काही शिल्लक आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे की, चांगली अर्धी गुंडाळी आहे," म्हणत बायको माळ्यावर गेली, गुंडाळी आणली आणि बाईंच्या हातात दिली. वर म्हणाली, "असाच घेऊन जा. चांगल्या घरी गेला तर मलाही बरं वाटेल."

बाईंनी गुंडाळी मांडीवर ठेवली. "मिस्त्री," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी येऊन लावून द्याल?"

तो हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने साधा पट्टा काढला, भिंत घासली, ओळंबा सोडून रेघ मारली. अर्धी गुंडाळी त्या पट्ट्याला पुरून उरली. धाकटी पलंगावरून बघत होती. तिने त्याला सांगितलं की ताई म्हणाली, तुम्ही कुठून कुठून शोधून हा कागद मिळवलात. एवढ्या महिन्यांनी कुणी लक्षात ठेवतं का? ती त्याचे आभार मानत राहिली, आणि तो भिंतीकडे तोंड करून कागदावरून कापड फिरवत राहिला. पट्ट्यात एकही बुडबुडा नव्हता. तरी तो बराच वेळ कापड फिरवत होता, कारण वळून बघायची त्याच्यात हिंमत नव्हती.

निघताना ओसरीवर तो बाईंना म्हणाला, "बाई, चुकलं माझं."

"शाळेत मला रोज कुणीतरी हेच म्हणायचं," बाई म्हणाल्या. "मी धाकटीशी खोटं बोलले ते तुमच्यासाठी नाही. खोलीत पडल्या पडल्या तिला माणसं चांगली वाटतात, ते तसंच राहू दे, म्हणून." मग त्यांनी विचारलं, "घरी सांगितलंत?"

"नाही."

"तुमच्या बायकोला ठाऊक नाही, हे मला कालच दिसलं. तिच्या हातांनी तुम्ही चोरी करवलीत, मिस्त्री."

त्यांनी मजुरी पुढे केली. त्याने ती घेतली नाही. त्यांनीही आग्रह केला नाही.

घरी आला तेव्हा बायको बाईंच्या ट्रेचं माप घेत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसला असता तर सांगवलं नसतं. ती ऐकत राहिली. मग तिने मोजपट्टी गुंडाळून ठेवली आणि उठून जिन्यापाशी गेली.

"ही पहिली पायरी. कुणाची?"

"दातांच्या डॉक्टरांची."

"दुसरी?"

त्याने सांगितलं. अशी ती घरभर फिरली. दिव्याच्या टोपीला हात लावून विचारायची, फ्रिजच्या दाराला हात लावून विचारायची, आणि तो घर सांगायचा, खोली सांगायचा, कुठली भिंत तेही सांगायचा. त्याला सगळं पाठ होतं, याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली. पिवळ्या पानांच्या खणापाशी तो म्हणाला, "हा मात्र दिलेला आहे."

ती म्हणाली, "आता ते मी कसं मानू?"

मग ती पलंगाच्या कडेवर बसली. "मी लोकांना बोलावून बोलावून दाखवत होते," ती म्हणाली. "काल त्या बाईंना त्यांचाच कागद मी दान केला हो. चांगल्या घरी जाऊ दे म्हणाले." तिने पदराने तोंड झाकलं. त्याला तिच्याजवळ बसता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिने ठरवलं की सगळ्या घरी जायचं, आणि ती बरोबर येणार. मिस्त्रीने एकट्याने जातो म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "बोलायचं तुम्हीच. मी फक्त उभी राहणार." त्यांनी सात दारं वाजवली. दातांचे डॉक्टर मोठ्याने हसले, म्हणाले, अहो, आम्ही तो फेकलाच असता, बसा, चहा घ्या. मिस्त्रीने कप तसाच ठेवला. एका घरातल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दार लावलं, आणि त्या इमारतीतलं त्याचं काम कायमचं बंद झालं. एक कुटुंब घर सोडून गेलं होतं. त्यांच्या दारात नवी माणसं होती, त्यांना काय सांगणार? प्रत्येक घरी बायको त्याच्या मागे एक पाऊल उभी असायची. कुणी तिच्याकडे बघितलं की ती मान खाली घालायची. तिने काहीच केलेलं नव्हतं.

बाईंचा ट्रे तिने साधा पॉलिश करून स्वतः नेऊन दिला. बाईंशी काय बोलणं झालं ते तिने सांगितलं नाही. घरातले कागद काढले नाहीत, काढले असते तर फाटून कुणाच्याच उपयोगाचे राहिले नसते. पण दारावर तिने पडदा लावला, आणि गल्लीतली कुणी डबा घेऊन आली की म्हणायची, हल्ली डोळे साथ देत नाहीत.

चारेक महिन्यांनी मिस्त्रीने एका दवाखान्याच्या बसायच्या खोलीचं काम केलं. दोन हात कागद उरला. त्याने तो गुंडाळून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, "हा तुमचा." काउंटरवरची मुलगी म्हणाली, आम्ही काय करू, घेऊन जा. तो जागचा हलला नाही. मग अडखळत त्याने विचारलं, "तसं चिठ्ठीवर लिहून द्याल का?" ती गोंधळली, पण तिने लिहून दिलं.

बायकोने चिठ्ठी वाचली. कागद टेबलावर तसाच पडून राहिला, एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी तो आला तर ती चपलांच्या कपाटाच्या दाराला आतून माप लावत होती. कागद पसरलेला होता, कात्री हातात होती.

"नक्की दिलाय ना?" तिने विचारलं.

"हो," तो म्हणाला.

तिने चिठ्ठी उचलली, पुन्हा एकदा वाचली, आणि मग कात्री चालवली.