पोटाखालच्या छिद्रातली तंबाखू

मित्रांनो, मी एका जुन्या निळ्या गाडीचा फ्युएल पंप आहे. इंजिनाच्या कुशीला बसतो, टाकीतले पेट्रोल ओढतो आणि कार्ब्युरेटरला देतो. माझ्या आत रबराचा पडदा आहे आणि पोटाखाली एक बारीक छिद्र. घडवणाऱ्यांनी ते मुद्दाम ठेवले. पडदा फाटला की पेट्रोल तिथून ठिबकते आणि मालकाला कळते. मला दुसरी वाचा नाही.

आताचा मालक हेनिंग. त्याचे वडील होते तोवर दर वसंतात माझे झाकण उघडून आतली गाळणीची जाळी धूत. लोक गाडीची तारीफ करत, त्यातली थोडी मी स्वतःकडे ठेवून घेई. हेनिंगने झाकणाला कधी हात लावला नाही. त्याने टाकीत हिवाळाभर स्वस्त पेट्रोल सडत ठेवले. त्यातल्या अल्कोहोलने पडदा कडक झाला आणि जूनमध्ये फाटला. मी ठिबकू लागलो.

नेमकी तेव्हाच त्याच्या मुलीची, टिल्डाची, शाळा संपत होती. स्वीडनमध्ये त्या दिवशी पांढऱ्या टोप्या घातलेल्या मुलांना बर्च झाडाच्या फांद्यांनी सजवलेल्या गाडीतून मिरवतात. टिल्डाला आजोबांच्याच गाडीतून जायचे होते.

हेनिंगने ओठाखालचा तंबाखूचा बार बोटाने काढला आणि तसाच, थुंकीने बरबटलेला, माझ्या छिद्रात कोंबला. शी! बोटे पँटला पुसून म्हणतो, "थांबलं!"

थांबले नव्हते. पेट्रोल आता आतून इंजिनाच्या ऑइलमध्ये उतरत होते.

मिरवणुकीच्या सकाळी त्याची बायको सोल्विग फांद्या बांधायला आली आणि नाक मुरडून थांबली.

"हेनिंग, पेट्रोलचा वास येतोय."

"जुनी गाडी आहे. गुलाबाचा यायचा का?"

"गुलाब राहू दे, फडकं दे."

तिने मला कोरडे पुसले, गळती कुठे आहे ते दिसावे म्हणून वर पावडर भुरभुरवली आणि इंजिन एकदा फिरवायला लावले. नळ्यांच्या सांध्यांवर पावडर कोरडीच राहिली. मग तिने ऑइलची पट्टी ओढून हुंगली. ऑइल पातळ झालेले, खुणेच्या वर चढलेले. शेवटी तिचे बोट माझ्या पोटाखाली गेले.

"हे काय मऊमऊ... ईऽऽ! हेनिंग, हा तुझा बार आहे?"

"चांगला बसला होता की!"

"बाबा, किती घाणेरडा आहेस तू!" टिल्डा किंचाळली.

बार निघताच मी भळाभळा वाहिलो. टिल्डाचा चेहरा पडला.

"म्हणजे गाडी नाही?"

"तापलेलं इंजिन, त्यावर पेट्रोल, आणि मागे तू नि तुझ्या मैत्रिणी? इंजिन सुरू होणार नाही. गाडी मात्र येईल," सोल्विग म्हणाली.

शेजारच्या बर्टिलने ट्रॅक्टर आणून दोर बांधला. फांद्या बांधलेली गाडी मुकाट मागून निघाली. मागे मुली गात होत्या. हेनिंग मान खाली घालून स्टिअरिंग धरून बसला होता.

"काय हेनिंग, माझ्या ट्रॅक्टरलाही बार भरतोस का?" बर्टिल चौकाचौकात ओरडे.

आता माझ्यात नवा पडदा आहे. सोल्विगने छिद्र तारेने साफ केले, पण तो वास जात नाही. हेनिंग फुगलेल्या ओठाने माझ्यावर वाकला की आजही मला शिसारी येते.

मित्रांनो, घरातले काही ठिबकू लागले तर ते का ठिबकते हे आधी बघा. त्याचे तोंड बंद करू नका. आणि तुमच्या तोंडातले तुमच्याच तोंडात ठेवा.