छातीवरची तीन नावं

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो. बास्केटबॉलची. एके काळी निळी होते. गेल्या आठवड्यात टेक्सासमधल्या प्लेनो गावी एका मोठ्या घरात, शिवणाच्या मशीनवर उताणी पडले होते आणि माझी बगल फाटली होती. हळहळू नका. आधी ऐका.

माझा जन्म फिलिपाइन्समधल्या बाकावानचा. समुद्रकाठचं गाव. मासळीबाजाराला लागून पत्र्याच्या छपराचं कोर्ट. तिथली पोरं चपला घालून बास्केटबॉल खेळतात, चपला तुटल्या की अनवाणी खेळतात. गावोगावच्या आणि प्रांतांच्या संघांची व्यावसायिक लीग निघाली तेव्हा बाकावानचाही संघ झाला. गावातल्या शिंपिणीनं माझ्या छातीवर पांढरी पट्टी शिवली आणि तिच्यावर गावाचं नाव. मला अंगात घातलं रोमेल नावाच्या कोळ्याच्या मुलानं. बुटका, पण चेंडू हातात आला की कुणाच्या बापाला सापडायचा नाही.

आम्ही हरायचो. सारखे हरायचो. तरी गाव यायचं. बायका मासळीच्या टोपल्या घेऊन पहिल्या रांगेत बसायच्या आणि पंचाला अशा शिव्या घालायच्या की मी इथे सांगू शकत नाही. ते माझे सुखाचे दिवस होते, आणि ते मला तेव्हा कळत होतं.

मग निवडणूक झाली. नवा महापौर आला, त्यानं कोर्ट काढून घेतलं. संघ कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्या एका कंपनीनं विकत घेतला. मालक म्हणाला, "जुनी पट्टी उसवत कोण बसणार? वरूनच ठोका!" माझ्या गावाच्या नावावर 'सुपर मानोक' आलं. मानोक म्हणजे कोंबडी. पुढे कंपनी कंटाळली आणि आख्खा संघ सांता मेलिता नावाच्या दुसऱ्याच प्रांतानं उचलला. पुन्हा वरून पट्टी. मी जाड होत गेले. श्वास घेता येईना.

आणि त्याच वर्षी आम्ही जिंकलो! अंतिम सामन्याला बाकावानचे लोक बोटीनं आले, समोरच्या बाजूला बसले आणि आमचीच हुर्यो उडवली. रोमेलचा सख्खा काका उभा राहून ओरडत होता, "विकाऊ!" रोमेलनं करंडक उचलला आणि लगेच दुसऱ्याच्या हातात दिला. का ते मला कळलं, कारण मी त्याच्या अंगात होते. अरे, संघ विकला कुणी आणि शिव्या कुणाला?

पुढे लीगच बंद पडली. रोमेल नर्स झाला, अमेरिकेत आला. मी बॅगेच्या तळाशी. वर्षानुवर्षं अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास. जपून ठेवलंय म्हणे! पुरलेल्यालाही जपलेलंच म्हणतात का?

अलीकडे त्यानं मला बाहेर काढलं. जवळच्या अर्विंग गावी एका जिममध्ये दर रविवारी तो आणि त्याचे मित्र खेळतात. त्यात अनया आहे. ती रोमेलच्याच हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट, जन्म इथलाच, आईवडील मराठी. पहिल्याच खेळात माझी बगल फाटली. अनया म्हणाली, "डोंट वरी. माय मॉम हॅज अ मशीन."

तिनं मला आईच्या घरी टाकलं आणि गाडी चालवता चालवता फोन केला. तिची आई म्हणजे शुभाकाकू. फोन स्पीकरवर होता, मी सगळं ऐकलं.

"आई, ती ब्लू जर्सी आहे ना, ती उसव प्लीज."

"उसवू?"

"हो. नीट उसव हं, रविवारी हवीय."

पोरीला म्हणायचं होतं 'शिव'. 'उसवलंय, शिवून दे' हे लहानपणापासून एका दमात ऐकल्यामुळे दोन्ही शब्द तिच्या डोक्यात एकच झाले होते. काकूंना वाटलं, नाव काढून हवंय. त्यांनी चष्मा चढवला, टाके काढायची उसवणी घेतली आणि माझ्या छातीला हात घातला.

अनयाचे बाबा प्रतापकाका पेपर वाचत होते. "कसलं ध्यान आहे ते! ग्रिल पुसायला दे मला."

"अहो, गप्प बसा. लेकीच्या मित्राची आहे."

सांता मेलिता निघालं. खाली मानोक. काकू थबकल्या. मानोक निघालं. खाली बाकावान, पांढरं स्वच्छ, त्या शिंपिणीच्या टाक्यांसकट. इतक्या वर्षांनी मला वारा लागला. मी ओरडले असते, पण कपड्याला आवाज नसतो. काकूंनी तेही उसवायला घेतलं.

पहिला टाका तुटला आणि दारात अनया आणि रोमेल.

"ओह माय गॉड! आई, व्हॉट डिड यू डू?"

"तूच म्हणालीस ना, उसव!"

"स्टिच कर म्हणाले मी!"

"मग शिव म्हणायचं, बाई! उसव म्हणजे बरोब्बर उलटं!"

प्रतापकाका हसत सुटले. रोमेल हसला नाही. तो वाकून माझ्याकडे बघत राहिला.

काकू ओशाळून त्याच्याशी इंग्रजीत बोलल्या, मी मराठीत सांगते, "सॉरी हं. मी परत लावते. तिन्ही लावू?"

अनया म्हणाली, "यार रोमेल, फ्रेम करू या. भिंतीवर मस्त दिसेल." काचेमागे! माझा संताप झाला.

रोमेल म्हणाला, "सांता मेलिताच लावा, टिटा." त्यांच्याकडे मावशीला टिटा म्हणतात. "जिंकलो तेव्हा तेच होतं. आणि बाकावानवाले मला आपला मानत नाहीत."

"ते मानोत न मानोत," काकू म्हणाल्या. "तू कुठला?"

त्यानं पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं.

काकूंनी हातातली उसवणी खाली ठेवली. "माझं नाव वसुधा होतं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं 'शुभा' लिहिलं, झाले शुभा. सासरी एक वसुधा आधीच होती म्हणून. मला कुणी विचारलं नाही. तुला मी विचारतेय."

प्रतापकाकांनी पेपर खाली केला.

"बाकावान," रोमेल म्हणाला.

मशीन सुरू झालं. सुटलेला टाका बसला, बगल शिवली गेली.

अनया हळूच म्हणाली, "आई, यू नेव्हर टोल्ड मी."

"तू विचारलंस कधी?"

रविवारी अर्विंगला आम्ही दणकून हरलो. शेवटी घामानं निथळत रोमेल काका-काकू बसले होते त्या बाकांकडे बघून ओरडला, "थँक यू, वसुधा टिटा!" प्रतापकाका सवयीनं मागे वळून शोधायला लागले, कोण ही बाई. काकूंनी हात वर केला.

मित्रांनो, जुना कपडा पुसायला घेण्याआधी एकदा उलटा करून बघा. जपायचा असेल तर अंगात घाला, फाटला तर शिवा, पुरू नका. आणि आज घरी गेलात की आईला तिचं पहिलं नाव विचारा. बदललेलं असेल, तर त्या नावानं एकदा हाक मारा. ती वळून बघते का, ते बघा.