एक हात उघडा

हेडफोनवाल्याने हातमोजा घातलेल्या हातानेच फ्रिज उघडला, त्याच हाताने कानातलं गाणं बदललं आणि वर त्याच हाताने नाक खाजवलं. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, मोजा कशासाठी असतो?"

"हात सुरक्षित राहावा म्हणून."

"तुझा राहिला. बाकीच्यांचं काय?"

"सॉरी, बाई," म्हणत त्याने त्याच हाताने दार ढकललं आणि तो निघून गेला.

प्रयोगशाळेची सगळी जबाबदारी बाईंवर होती आणि सांगून सांगून त्यांच्या तोंडाला फेस आला होता. डीएनए तपासायच्या जेलीत, म्हणजे जेलमध्ये, घालायचा तो विषारी लाल रंग डीएनएला चिकटतो, मग तो जेलमधला असो की माणसातला. मोज्याच्या हाताने बाटली धरायची, उघड्या हाताने दार, एवढंच शिकायचं होतं. पण एकदा मोजा चढवला की हे शहाणे जगभर हात लावत सुटायचे. एरवी बाईंनी नुसती कटकट केली असती. आता मात्र धाकटीला पाचवा महिना होता. धाकटी म्हणजे इथली सगळ्यांत लहान संशोधक, प्रबंध संपल्याशिवाय रजा घेणार नाही म्हणून हटून बसलेली. बाईंनी तिला रंगाच्या टेबलापासून लांब, खिडकीपाशी बसवलं होतं. तरी दाराची मूठ तिलाही धरावीच लागे.

म्हणून आज सकाळी, कोणी यायच्या आत, बाईंनी रंगाची खरी बाटली कुलपात टाकली. तिच्या जागी ठेवायच्या लाल पाण्याच्या बाटलीला एक निरुपद्रवी पावडर चोळली. ही पावडर साध्या उजेडात दिसत नसे, जांभळ्या दिव्याखाली मात्र लख्ख चमके. एखाद्याचा प्रयोग फुकट गेला तर जाऊ दे, तेवढीच अद्दल घडेल.

संध्याकाळी सगळ्यांना जमवून त्यांनी पडदे ओढले, दिवे घालवले आणि जांभळा दिवा फिरवायला सुरुवात केली. दाराची मूठ चमकली. मग फ्रिज, टेलिफोन, खुर्च्यांचे हात, दिव्यांची बटणं. हेडफोनवाल्याचं नाक चमकलं तेव्हा खसखस पिकली.

"हसा!" बाई कडाडल्या. "खरा रंग असता म्हणजे? या पोरीच्या पोटात बाळ आहे. जनाची नाही, मनाची तरी?"

हेडफोनवाल्याने मान खाली घातली.

"जाऊ द्या ना, बाई," धाकटी अवघडून म्हणाली.

"का म्हणून? ये इकडे. बघू दे यांना, तुझ्यापर्यंत काय काय पोचलंय ते."

दिवा तिच्यावर वळला. बोटांवर थोडे ठिपके होते. पोटावर एप्रनची बटणं हल्ली लागत नसत. तिथे ड्रेसवर अख्खा पंजा उमटला होता.

"कोणाचा हात हा?" बाईंचा आवाज चिरकला. "बोला की!"



"सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि मला गरगरलं ना," धाकटी हळूच म्हणाली, "तेव्हा तुम्ही हातातली बाटली तशीच ठेवून धावत आलात. बाळ हलतंय ना, म्हणून हात लावून बघितलंत."

बाईंनी दिवा स्वतःच्या तळव्याकडे वळवला. दिवसभर साठवलेला राग आता कोणावर काढावा, त्यांना कळेना.

"दिवे लावा," त्या कशाबशा म्हणाल्या.

बटणाकडे कोणीच हात नेईना. शेवटी धाकटीनेच पुढे होऊन ते कोपराने दाबलं.